नव्या गाडीच्या इंजिनात ऑइल अ‍ॅडिटिव्ह: बाटली उघडण्याआधी काय तपासायचं

गाडी नवी आहे, वॉरंटी चालू आहे आणि इंजिनात मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल आहे, तर वरून कुठलंही अ‍ॅडिटिव्ह घालू नका. अपवाद आहेत, पण थोडे. त्यातलेही काही पेट्रोलच्या टाकीत घालायच्या बाटल्यांचे आणि काही मेकॅनिकने तपासणीसाठी वापरायच्या रसायनांचे. कुठली बाटली कशासाठी असते, ती नव्या इंजिनात काय बिघडवते आणि खरंच गरज पडली तर कोणत्या क्रमाने जायचं, ते इथे तपशिलात पाहू.

डब्यातल्या ऑइलमध्ये आधीच काय असतं

इंजिन ऑइलचा मोठा भाग म्हणजे बेस ऑइल. उरलेला साधारण १० ते २५ टक्के भाग अ‍ॅडिटिव्हचाच असतो. म्हणजे ‘अ‍ॅडिटिव्ह घालू का’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की कंपनीने ते घालूनच दिलं आहे, आणि मापात.

काजळी आणि वार्निश धातूवर चिकटू न देणारे आणि ज्वलनातून तयार होणारं आम्ल मारणारे डिटर्जंट त्यात असतात. ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. सुटलेले कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून डिस्पर्संट असतात. झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, म्हणजे झेडडीडीपी. दाब आणि उष्णतेखाली ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमसारख्या भागांवर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर धरतं, आणि धातूऐवजी तो थर झिजत-भरत राहतो. याशिवाय घर्षण कमी करणारं विरघळलेलं मॉलिब्डेनम, ऑइल जळून घट्ट होऊ न देणारे अँटिऑक्सिडंट, थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर पुरेसं जाड ठेवणारे पॉलिमर. फेस रोखणारं सिलिकोन तर दहा लाखांत काही भाग एवढंच. ते जास्त झालं तर उलट ऑइलमधली हवा लवकर सुटत नाही, आणि हवा मिसळलेलं ऑइल कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये गेलं की टकटक सुरू.

ही रसायनं धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला एकमेकांशी झगडतात, हे बाटलीच्या जाहिरातीत कधी येत नाही. झेडडीडीपी, डिटर्जंट, घर्षण कमी करणारं द्रव्य, सगळ्यांना तिथेच बसायचं असतं. एकाचं प्रमाण वाढवलं की दुसऱ्याला जागा कमी पडते. म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त फायदा’ हा हिशोब इथे चालत नाही.

डब्यावरची एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी (मे २०२० पासून) किंवा एसक्यू (२०२५ पासून) अशी अक्षरं म्हणजे ते मिश्रण ठरावीक इंजिन चाचण्यांतून गेल्याची खूण. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे आणि टर्बो इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण अवेळी पेटण्याचीही. चाचणी झाली ती त्या मिश्रणाची. त्यात तुम्ही ३०० मिलिलिटर दुसरं काही ओतलंत की इंजिनातल्या ऑइलची चाचणी कुणीच केलेली नसते. अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्यांना एपीआयचं असं प्रमाणपत्र मिळत नाही, कारण ती योजना तयार ऑइलसाठी आहे.

पहिले १५०० किलोमीटर

कारखान्यातून आलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे अचूक घासून पाडलेल्या, बारीक तिरप्या रेषा असतात. ऑइल धरून ठेवणं हे त्यांचं काम. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासून स्वतःला बेताच्या आकारात आणतात. यालाच रिंगा बसणं म्हणतात. त्यासाठी थोडं घर्षण लागतंच. याच काळात ‘घर्षण संपवणारी’ बाटली ओतली तर जे व्हायला हवं तेच अडवल्यासारखं होतं. रिंगा नीट बसल्या नाहीत आणि भिंत गुळगुळीत काचेसारखी झाली, तर गाडी ऑइल खायला लागते. ते मग बाटलीने बरं होत नाही, इंजिन उघडावं लागतं.

आजकाल होनिंग इतकं अचूक असतं की जुन्या काळासारखं लांबलचक रनिंग-इन लागत नाही. तरी बहुतेक मॅन्युअलमध्ये पहिल्या १००० ते १५०० किलोमीटरसाठी सूचना असतात आणि त्या पाळाव्यात. फुल अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, आरपीएम कमाल मर्यादेच्या साधारण तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवावा, हायवेवर तासन्‌तास एकाच वेगात जाऊ नये, ट्रेलर ओढू नये. इंजिन उगाच आयडलला चालू ठेवणंही वाईट, कारण कमी दाबात रिंगा भिंतीला पुरेशा टेकत नाहीत. आणि वरच्या गियरमध्ये इंजिन गुदमरवत चालवण्यापेक्षा एक गियर खाली उतरलेलं बरं.

पहिलं ऑइल मुदतीआधी बदलायची घाई अनेकांना असते. काही कंपन्या ते बदलू नका असं स्पष्ट सांगतात. कारण जुळणीच्या वेळी भागांवर लावलेल्या वंगणातलं मॉलिब्डेनम त्या ऑइलमध्ये उतरलेलं असतं. मॅन्युअल जे सांगेल ते. काहीच सांगत नसेल तर पहिली सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरवर, आणि तेवढे किलोमीटर झाले नाहीत तरी ठरलेल्या महिन्यांत.

बाजारातल्या बाटल्या आणि नवं इंजिन

*घट्ट करणारी.* जाड, मधासारखी ओघळणारी द्रव्यं. यात मुख्यतः पॉलिमर असतात, ऑइल दाट होतं, जुन्या इंजिनाचा आवाज दबतो. नव्या गाडीत हे सरळ नुकसान आहे. ०डब्ल्यू-२० ऑइलची १०० अंश सेल्सियसला जाडी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या आत असावी लागते, आणि इंजिनाच्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हचा टायमिंग बदलणारी यंत्रणा हे सगळं त्या जाडीसाठी आखलेलं असतं. टायमिंग बदलणाऱ्या सोलेनॉइडला बारीक जाळ्या असतात. ऑइल दाट झालं की ती यंत्रणा उशिरा हलते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग दोष सेन्सरवर ढकलला जातो. थंडीत सुरू करताना तर पहिले काही सेकंद वरच्या कॅमपर्यंत ऑइलच पोचत नाही.

*टेफ्लॉनवाली.* टेफ्लॉन, म्हणजेच पीटीएफई, हे घन कण. ते ऑइलमध्ये विरघळत नाहीत. तळाशी बसतात, किंवा फिल्टरमध्ये आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. तव्यावर लेप चढवताना तापमान आणि पृष्ठभागाची तयारी लागते, चालू इंजिनात तसा लेप आपोआप चढत नाही. अमेरिकेतल्या स्लिक ५० या उत्पादनावरून १९९७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामकाशी तडजोड झाली, आणि झीज कमी होते असे दावे पुराव्याशिवाय करण्यावर उत्पादकाला बंधन आलं. त्या दशकात अशा आणखीही उत्पादनांवर तिथे कारवाया झाल्या.

*क्लोरीनवाली.* क्लोरिनेटेड पॅराफिन प्रचंड दाबाखाली धातूला खरोखर वाचवतं, म्हणून धातू कापण्याच्या कामात ते वापरलं जातं. इंजिनात मात्र उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल होऊ शकतं, आणि आम्लाचा पहिला घास बेअरिंग. फिरत्या चकतीवर लोखंडी तुकडा दाबून दाखवण्याचा जो प्रयोग असतो, त्यात हेच रसायन बाजी मारतं. ती चाचणी अतिदाबाची आहे, इंजिनाची नाही. कपड्यांचं ब्लीचही त्यात चांगले गुण मिळवतं, यावरून काय ते समजावं.

*जस्त वाढवणारी.* हिचा हिशोब पुढे मांडला आहे.

*सील मऊ करणारी.* जुन्या, कडक झालेल्या रबरी सीलला फुगवून गळती थांबवते. नव्या सीलला फुगण्याची गरज नाही. गरजेपेक्षा फुगलेलं सील मऊ पडून लवकर झिजतं.

*फ्लश.* ऑइल बदलण्याआधी दहा-पंधरा मिनिटं इंजिनात फिरवायचं विरघळवणारं द्रव्य. नव्या इंजिनात धुण्यासारखं काही नसतं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये फ्लश करू नका, नुकसान झालं तर वॉरंटी मिळणार नाही, असं थेट लिहिलेलं असतं.

आणि एक इशारा वेगळा द्यायला हवा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजलेला चालतो. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्टच्या सुरुवातीच्या पिढ्या आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही त्यातली माहितीतली उदाहरणं. तिथे बेल्टच्या रबराला न मानवणारं रसायन ऑइलमध्ये गेलं तर रबर फुगतं, सोलतं, त्याचे तुकडे चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या), पंपासाठी ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब जातो. अशा इंजिनात फ्लशही नको आणि अ‍ॅडिटिव्हही नको. तुमच्या गाडीत बेल्ट ओला आहे की कोरडा, हे आधी माहीत करून घ्या.

एका बाटलीने आकडे कसे हलतात

समजा चेंबरमध्ये ४ लिटर ऑइल आहे. घनता ०.८५ धरली तर वजन ३४०० ग्रॅम. नव्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के असते, म्हणजे या ऑइलमध्ये फार तर २.७ ग्रॅम फॉस्फरस. आता जस्त-फॉस्फरसची २५० ग्रॅमची बाटली ओतली आणि तिच्यात फॉस्फरस १ टक्का आहे असं धरू. आणखी २.५ ग्रॅमची भर पडली. एकूण ५.२ ग्रॅम भागिले ३६५० ग्रॅम, म्हणजे ०.१४ टक्के. मर्यादेच्या पावणेदोनपट.

मर्यादा इंजिनासाठी नव्हती, एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी होती. इंजिन थोडं ऑइल नेहमीच जाळतं, त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या पृष्ठभागावर बसतो आणि तो उतरत नाही.

गाडीत धुरातली काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर किंवा पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर राखेचा प्रश्न वेगळा. अशा गाड्यांना एसीईए या युरोपियन मानकातल्या सी३ सारखं कमी राखेचं ऑइल लागतं. त्यात सल्फेटेड अ‍ॅश (जळल्यावर उरणारी राख) ०.८ टक्क्यांच्या आत असते. वरच्याच ३४०० ग्रॅममध्ये ही राख फार तर २७ ग्रॅम. ५ टक्के राखेची २७० ग्रॅमची बाटली १३.५ ग्रॅमची भर घालते, आणि एकूण प्रमाण १.१ टक्क्यांवर जातं. फिल्टरमधली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होण्याच्या प्रक्रियेत, जळून जाते. राख जळत नाही; ती फिल्टर काढून साफ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत तिथेच राहते.

कॅल्शियमचं दुखणं टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात. कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा प्रकार ऑइलमधलं कॅल्शियम वाढलं की वाढतो. फटका इतका जोराचा असतो की रिंगेची बैठक तुटते, पिस्टनला तडा जातो. म्हणूनच एपीआय एसएन प्लस (२०१८) आणि पुढे एसपी आलं, आणि ऑइल बनवणाऱ्यांनी कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं. डिटर्जंट वाढवणारी बाटली घालून तुम्ही ते गणित मागे फिरवता.

पायरीपायरीने

१. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलचं पान काढा. ग्रेड (जसं ०डब्ल्यू-२०) आणि स्पेसिफिकेशन (एपीआय, इल्सॅक, एसीईए किंवा कंपनीचा स्वतःचा क्रमांक) दोन्ही टिपून ठेवा. नुसती ग्रेड जुळणं पुरत नाही. त्याच पानावर अ‍ॅडिटिव्हबद्दल अनेकदा एखादं वाक्य असतं. बहुधा ‘गरज नाही’ किंवा ‘वापरू नका’ असं.

२. सर्व्हिसला दिल्यावर बिलावर ऑइलचं पूर्ण नाव आणि स्पेसिफिकेशन लिहून मागा. डब्यावर ‘अप्रूव्हड’ आहे की नुसतं ‘शिफारस’ किंवा ‘योग्य’ असा शब्द आहे, ते वाचा. पहिल्यात गाडीच्या कंपनीने मान्यता दिलेली असते, दुसऱ्यात ऑइलवाल्याचा शब्द असतो.

३. ऑइलची पातळी स्वतः बघायला शिका. सपाट जागा, गरम झालेलं इंजिन, बंद करून ५ ते १० मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा. कमी दिसेल ती बाजू खरी. खालची आणि वरची खूण यांत बऱ्याच गाड्यांमध्ये १ लिटरच्या आसपास ऑइल बसतं. नव्या गाडीत पहिले ५००० किलोमीटर दर ५०० किलोमीटरला बघा. डिपस्टिकच नसेल तर स्क्रीनवरचं मोजमाप मॅन्युअलमधल्या अटी पाळूनच घ्या.

४. ऑइल खाते का, याचा हिशोब वहीत ठेवा. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा. पुढे जेवढं ऑइल टाकाल ते मोजून लिहा. २४०० किलोमीटरमध्ये ६०० मिलिलिटर लागलं तर १००० किलोमीटरला २५० मिलिलिटर. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतची मर्यादा दिलेली आढळते, आणि रिंगा बसेपर्यंत खप थोडा जास्तच असतो. तुमचा आकडा मर्यादेच्या जवळ असेल किंवा ५००० किलोमीटरनंतर वाढत असेल, तर ही वही हाच वॉरंटीतला तुमचा पुरावा.

५. टॉप-अप करायचं ते त्याच स्पेसिफिकेशनच्या ऑइलने, २०० ते २५० मिलिलिटरच्या टप्प्यात, दर वेळी थोडं थांबून पातळी बघत. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रॅंकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो. अ‍ॅडिटिव्हची अख्खी बाटली भरलेल्या चेंबरमध्ये ओतली की नेमकं हेच होतं, आणि बाटलीवरच्या सूचनेत तेवढं ऑइल आधी काढा असं क्वचितच लिहिलेलं असतं.

६. सर्व्हिसच्या यादीत ‘इंजिन कोटिंग’, ‘इंजिन ट्रीटमेंट’, ‘इंजिन डिकार्ब’ असं काही दिसलं तर तीन प्रश्न लेखी विचारा. हे काम कंपनीच्या देखभाल वेळापत्रकात आहे का? या उत्पादनाला गाडीच्या कंपनीची मान्यता आहे का, असल्यास तिचं पत्र? आणि त्याची डेटा शीट मिळेल का? तिन्हींची उत्तरं हाती आली नाहीत तर ते काम यादीतून काढायला सांगा. गाडी सोडतानाच, परत घेताना नाही.

लक्षण दिसलं तर

बाटली हातात घ्यायची वेळ बहुधा काहीतरी ऐकू आल्यावर किंवा दिसल्यावरच येते. नव्या गाडीत त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असतं.

बॉनेट उघडून टिकटिक ऐकू येते: थेट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप असाच आवाज करतात. तसंच मॉडेल दुसऱ्या कुणाचं असेल तर शेजारी लावून ऐका. थंड इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त खडखडाट होत असेल तर चेन टेन्शनर किंवा टायमिंगच्या यंत्रणेकडे बोट जातं. मोबाइलवर व्हिडिओ करा, तारीख-किलोमीटर बोलून घ्या, सर्व्हिसला दाखवा. दाट ऑइलने हा आवाज दबतो. मग वॉरंटी संपेपर्यंत कुणाला तो ऐकूच येत नाही.

डिपस्टिकवरची पातळी वाढली: लोक ही गोष्ट चांगली समजतात, आणि ती सर्वांत वाईट. छोट्या-छोट्या फेऱ्यांत इंजिन गरमच होत नाही, आणि पेट्रोल रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतं. डिझेल गाडीत रिजनरेशन अर्धवट तुटलं की जादा टाकलेलं डिझेल तिथेच जातं. काठी हुंगून पाहा, इंधनाचा वास येईल. आठवड्यातून एकदा ३० ते ४० मिनिटं हायवेवर चालवली तर पेट्रोल बरंचसं उडून जातं. डिझेल तितकं सहज उडत नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल बदला.

फिलर कॅपखाली पिवळसर पांढरा फेस: थंड हवा आणि छोट्या फेऱ्यांत ही वाफ असते. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र गाडी चालवू नका, हेड गॅस्केटची तपासणी हवी.

निळा धूर: इंजिनातल्या वाफा परत इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, टर्बोचं सील, रिंगा. तिन्ही वॉरंटीची कामं.

ऑइलचा लाल दिवा: सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद. पातळी बघा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर टो करून न्या.

मग चालतं तरी काय

पेट्रोलच्या टाकीत घालायचा क्लीनर. मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पुरेसं डिटर्जंट असल्याची खात्री नसेल तिथे काही कंपन्या स्वतःच ठरावीक किलोमीटरला एक बाटली टाकायला सांगतात. पॉलिइथरअमाइनवर आधारलेला क्लीनर घ्या, लेबलवर दिलेलं लिटरचं प्रमाण पाळा आणि ती टाकी ऑइल बदलायच्या थोडं आधी संपेल असं पाहा, कारण त्याचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनात यामुळे इंजेक्टर साफ राहतात. इनटेक व्हॉल्व्हवर मात्र पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथला थर तसाच राहतो.

गळती शोधायचा यूव्ही डाय. ४ ते ५ लिटर ऑइलला साधारण ३० मिलिलिटर. हे औषध नाही, तपासणीचं साधन. मेकॅनिक इंजिन धुऊन पुसतो, डाय टाकतो, गाडी थोडी चालवून यूव्ही दिव्याखाली पिवळ्या चष्म्यातून बघतो. गळती कुठून ते चमकून दिसतं. वॉरंटीतल्या गाडीत हे सर्व्हिस सेंटरनेच करावं.

तिसरा अपवाद नव्याने बांधलेल्या जुन्या धाटणीच्या इंजिनाचा. सपाट टॅपेट थेट कॅमवर घासणारी इंजिनं, नवा कॅम बसवलेला. आजच्या ऑइलमधला फॉस्फरस त्यांना सुरुवातीला कमी पडतो. तिथे जादा झेडडीडीपी असलेलं ब्रेक-इन ऑइल घालून, सुरू होताच आयडलला न ठेवता २००० ते २५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं चालवतात आणि मग ते ऑइल काढून टाकतात. शोरूममधून आलेल्या गाडीशी याचा संबंध नाही; पण ‘नव्या इंजिनाला झिंक लागतं’ हा सल्ला फिरत-फिरत येतो तो इथूनच.

मोटारसायकलवाल्यांसाठी जाता-जाता: ज्या बाइकमध्ये क्लच आणि इंजिन एकाच ऑइलमध्ये असतात तिथे घर्षण कमी करणारी बाटली म्हणजे क्लच सरकणार. जॅसो एमए (ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) ऑइल घ्यायचं ते त्यासाठीच.

ओतून झालं असेल तर

घाबरून गाडी उभी करायची गरज बहुधा नसते, पण पुढच्या सर्व्हिसची वाटही बघू नका. आधी पातळी बघा. वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी न चालवता जादा ऑइल काढून घ्या. बाटलीचा फोटो आणि बिल ठेवा. टेफ्लॉन, क्लोरीन किंवा घट्ट करणारी बाटली असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदला. विरघळलेल्या मॉलिब्डेनमची लहान बाटली असेल आणि पातळी बरोबर असेल तर ओल्या बेल्टचं इंजिन सोडून पुढचा बदल थोडा अलीकडे घेतला तरी चालतं.

स्वतः बदलत असाल तर इंजिन कोमट असताना, गाडी सपाट आणि स्टँडवर पक्की. ड्रेन प्लग काढल्यावर १५ ते २० मिनिटं गळू द्या. प्लगला नवा वॉशर लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करा. हाताच्या अंदाजावर अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिरवून बसणारा फिल्टर असेल तर त्याच्या रबरी कडीला ऑइल लावा, कडी टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, बघा. दोन कड्या एकावर एक बसल्या तर सुरू करताच ऑइल बाहेर. मग भरा, मिनिटभर चालवा, थांबा, पातळी बघा. निथळवूनही वाहिन्यांत थोडं जुनं ऑइल राहतंच, म्हणून क्लोरीन किंवा टेफ्लॉनच्या बाबतीत १००० ते १५०० किलोमीटरने आणखी एकदा बदललेलं बरं. काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून पुनर्वापर केंद्राला द्या.

आत खरंच काही बिघडलं का हे पाहायचं असेल तर वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. निथळणाऱ्या धारेच्या मध्यातून, सुरुवातीचं आणि शेवटचं सोडून, स्वच्छ बाटलीत सुमारे १०० मिलिलिटर. नव्या इंजिनाच्या पहिल्या अहवालात लोह, तांबं आणि सिलिकॉन जास्तच येतात. सिलिकॉन जुळणीतल्या सीलंटमधून येतं, बाकी घासून बसणाऱ्या भागांमधून. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलात आकडे उतरत गेले पाहिजेत.

वॉरंटी संपल्यावर

तेव्हाही बाटली ठरावीक कामासाठीच. सीलमधून ओल दिसायला लागली असेल तर आधी हाय-मायलेज ऑइल घ्या. ही ऑइलं साधारण ७५,००० मैलांच्या, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढे चाललेल्या इंजिनांसाठी बनवतात, आणि सीलसाठीचं द्रव्य त्यात मापात मिसळलेलं असतं. वेगळी बाटली त्यानंतर.

जुन्या गाडीत गाळ साचला असेल तर फ्लशचा मोह होतो. फिलर कॅपमधून टॉर्च मारून बघा. धातूवर तपकिरी वार्निश असेल तर फ्लश चालू शकतो: गरम इंजिन, लेबलवरचं प्रमाण, तेवढीच मिनिटं आयडलला, गाडी चालवायची नाही, गरम असतानाच निथळवून नवा फिल्टर आणि नवं ऑइल. पण काळे, जेलीसारखे थर दिसत असतील तर फ्लश टाळा. एकदम सुटलेले ते तुकडे पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात. अशा इंजिनात चांगलं ऑइल घालून ते दर ३००० किलोमीटरला फिल्टरसकट, तीन-चार वेळा बदलावं, म्हणजे गाळ हळूहळू निघतो. आणि दर वेळी काढलेला फिल्टर कापून आत काय अडकलं ते बघावं. चौथ्या वेळीही त्यात काळे तुकडे निघत असतील तर चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करण्याला पर्याय नाही.